क्राइचच्या ट्राममध्ये बाबा

आज इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये, क्राइचच्या ट्राम संग्रहालयात. चुनखडीच्या जुन्या खाणीत अख्खा रस्ता उभा केलाय. डर्बीत आगीत सापडलेल्या असेंब्ली रूम्स या जुन्या सभागृहाचा दर्शनी भागही इथे आणून बसवलाय! प्रवेश करताना हातात जुनी पेनी देतात. ती कंडक्टरला द्यायची, की दिवसभर हवं तितकं फिरा. मुलांना ती पेनी परत द्यायचीच नव्हती. वाद झालाच.

पण खरी गंमत बाबांची. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली तेव्हा ते शाळेत होते. ग्लोरी माइन या शेवटच्या थांब्याला परत फिरण्यासाठी कंडक्टरने बाकांच्या पाठी खाडखाड उलट्या केल्या आणि बाबा ताडकन उठले, "अगं, अस्संच करायचे दादरला!" मग नातवंडांना बोरीबंदरपर्यंतचा सगळा रस्ता ऐकवला. बाजूच्या आजी-आजोबांनाही. मराठीतच.

कॅफेतला चहा नेहमीप्रमाणे पांचट. लहान मुलं असतील तर सकाळीच पोहोचा, वर्कशॉपची गॅलरी चुकवू नका, आणि जाकीट न्याच. ट्रामच्या वरच्या मजल्यावर वारा भयंकर लागतो. जूनमध्येसुद्धा.

बाबा आता विचारतायत, परत कधी जायचं?