सदर, सदर, सदर

मोडी वाचणाऱ्या माणसाला एरवी फारसं कुणी विचारत नाही. वर्षाकाठी एखाद्या वाड्यातलं जुनं खरेदीखत येतं, कधी देवस्थानची सनद. २०२३ च्या नोव्हेंबरात मात्र माझा फोन सकाळी सातला वाजायला लागला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. आधी फक्त मराठवाड्यापुरतं असलेलं तिचं काम आता सगळ्या राज्याला लागू झालं होतं. कुणबी ओबीसीत येतात, म्हणून मराठा घरांच्या पूर्वजांसाठी जुन्या दप्तरांत ‘कुणबी’ शब्द शोधायचा होता आणि १९५० च्या आधीचं निम्मं दप्तर मोडीत. ते वाचणारी माणसं जिल्ह्यात मोजकी. त्यांतली मी एक.

कोल्हापुरातल्या एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत आमची टेबलं लावली होती. जन्ममृत्यूची रजिस्टरं, हक्कनोंदी, शाळांची दाखल रजिस्टरं, सगळं लाल फडक्यात बांधून यायचं. रोज संध्याकाळी तक्ता भरून द्यायचा: किती पानं पाहिली, किती नोंदी मिळाल्या. त्या तक्त्यात ‘मिळाली’ आणि ‘मिळाली नाही’ एवढे दोनच रकाने होते. तिसरा असायला हवा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि मग बोरू न उचलता तिला अक्षरं लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे मोडी वाचणं म्हणजे त्या एका लिहिणाऱ्याचा हात ओळखणं. दोन-तीन दिवस त्याच्याबरोबर बसलं की तो ‘ब’ कसा वळवतो, घाईत काय गाळतो, हे कळायला लागतं. ज्या मास्तरांच्या रजिस्टराबद्दल सांगतेय त्यांचा हात सुरेख होता. करवीर तालुक्यातल्या एका गावची शाळा, १९१९ साल.

साल पाहून मी क्षणभर थांबले होते. शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ साली. मूल शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. म्हणजे हे रजिस्टर त्या हुकमाचंच लेकरू. तो हुकूम नसता तर या गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरांची नावं कुणी कागदावर घेतली असती? आज नोंदी शोधायला जी रांग लागते, तिच्या बुडाशी तो रुपयाचा दंड आहे, असं मला त्या खोलीत रोज वाटायचं.

दुपारी बाराच्या सुमारास एक आजोबा आले. शहात्तरीचे, पांढरा पटका, बरोबर नात. नात बारावी होऊन नीटची दुसरी खेप देत होती. आजोबा २०१६ च्या कोल्हापूरच्या मूक मोर्चात चालले होते, २०१८ ला दसरा चौकातल्या ठिय्यात बसले होते. त्या वर्षीचा मराठा आरक्षणाचा कायदा २०२१ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला, ती तारीखही त्यांना पाठ होती. आता त्यांना हवी होती वडिलांकडच्या रक्तनात्यातली, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची एक नोंद. चुलत्याची नोंद त्यांच्याकडे होती, १९२६ ची, त्याच शाळेची. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, स्वच्छ लिहिलेलं: मराठा.

“त्येनं काय हुतंय?” आजोबा म्हणाले. “ह्येच्या आधीचं बगा की ताई. आमचं वडील, तात्या, थोरलं. त्यांचं असंल तर.”

“तात्या शाळेत गेले होते?”

“छ्या! अंगठा करायचं ते. पन गावातली पोरं म्हनली, रजिस्टर इतं आणलंय. म्हनलं बगून तर याव.”

नियमानं मी अर्जदारासमोर वाचायला नको होतं. पण माणूस एसटीनं आला होता आणि रजिस्टर माझ्यापुढं उघडंच होतं. पालकाच्या रकान्यात बापाचं नाव आणि वस्ती असायची, आडनाव नसायचं. त्यांच्या आजोबांचं नाव गावात एकट्याचंच होतं, वस्तीही मळ्यातली. मी बोट फिरवत गेले आणि चौथ्या पानावर ते नाव सापडलं. मुलाचं वय सात. धंदा: शेती. जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सदर’.

सदर म्हणजे वरच्याप्रमाणे. वर पाहिलं, सदर. त्याच्या वर, सदर. नऊ पोरं ओळीनं सदर. साखळीच्या टोकाला, पानाच्या वरच्या कोपऱ्यात, मास्तरांनी एकदाच पूर्ण शब्द लिहिला होता आणि नेमका तो कोपरा कसरीनं खाल्ला होता. ‘कु’ शाबूत होतं. पुढं मसुराएवढं भोक, आणि भोकानंतर रेघेचं नुसतं शेपूट.

खोलीत तोवर चार माणसं जमली होती. आंदोलनातला एक पोरगा भिंगातून बघून म्हणाला, “ताई, कु म्हणजे कुणबीच की. आणि काय असणार?”

आणखी काय असणार ते त्याच रजिस्टरात होतं. दोन पानं पुढं त्याच मास्तरांच्या हातचं ‘कुंभार’. गावात कुंभार आळी होती, तिथली पोरंही शाळेत येत. मोडीत ‘कु’ पुढचा एक वळसा गेला की दोन्ही शब्द सारखेच दिसतात. मी शेपूट दहा वेळा पाहिलं, पान उजेडाकडं धरलं, मागून पाहिलं. नऊच्या नऊ पोरांच्या बापांचा धंदा शेती होता. कुंभार पोरांपुढं मास्तर धंदा ‘मडकी’ असा लिहायचे. माझ्या मनाचा कौल कुणबीकडं होता, आजही आहे. पण लिप्यंतरावर माझी सही असते, आणि त्यात जे दिसतं ते लिहायचं असतं. मी लिहिलं: ‘कु—, पुढील अक्षरे कसरीने नष्ट. खालील नऊ नोंदी सदर. पालकांचा धंदा शेती.’

तो पोरगा चिडला. एका अक्षरानं काय बिघडतं, असं म्हणाला. त्याचा राग मला समजत होता. नापिकी, तुकड्यांची जमीन, डोनेशनची कॉलेजं, यातून आलेला माणूस अक्षराला धरून लटकतो ते उगाच नाही. पण आज मी भोकात ‘णबी’ भरलं, तर उद्या दुसरा कुणी दुसऱ्या भोकात त्याला हवं ते भरेल आणि मग शंभर वर्षांपूर्वीच्या एकाही कागदावर कुणाचा विश्वास उरणार नाही. ज्यांची नोंद खरोखर शाबूत आहे, त्यांचाही नाही. ओबीसीतल्या ज्या माणसांना स्वतःच्या वाट्याची धास्ती आहे, त्यांचंही मी हेच देणं लागते.

नात इतका वेळ गप्प होती. तिनं विचारलं, “पण मॅडम, धाकट्या पणजोबांचं मराठा का लिहिलं? सख्खे भाऊ ना?”

हा प्रश्न मला त्या महिन्यात कितीतरी घरांनी विचारला, पण तिच्याइतका सरळ कुणीच नाही. मी तिला माझ्या समजुतीप्रमाणे सांगितलं. या गावानं, या संस्थानानं वेदोक्ताचा वाद पाहिलेला. पंचगंगेवर कार्तिकस्नानाला खुद्द महाराजांसाठी वेदमंत्र म्हणायला भटजींनी नकार दिला, आणि त्यानंतर क्षत्रिय म्हणवून घेणं हा नांगर धरणाऱ्या घरांसाठीही मानाचा प्रश्न झाला. कुणब्याच्या पोरानं मराठा लिहावं, मास्तरांनी लिहून घ्यावं, ही त्या काळाची हवा. आणि त्यात तोटा काहीच नव्हता! महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्यांना द्यायचा हुकूम काढला, त्यात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अशा पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे मागासलेले धरले होते. मराठाही. म्हणजे १९२६ साली तुझ्या खापरपणजोबांनी धाकट्याची जात सांगितली, तेव्हा मान आणि सवलत यांतलं एक निवडायची पाळी त्यांच्यावर नव्हती. मग १९४९ ला संस्थान विलीन झालं, याद्या नव्यानं झाल्या. राज्याच्या यादीत कुणबी आले, मराठा आले नाहीत. खापरपणजोबांनी अभिमानानं सांगितलेला शब्द तुझ्या वाटेत आला, पण त्यांनी काही चूक केली नव्हती.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. तिच्या हातात अजून काही नव्हतं, हे खरं होतं. मी तिला वारसाचे जुने फेरफार काढायला सांगितलं, मुंबई सरकारच्या अमदानीतलेही. कधीकधी चुलतचुलत्याकडं पूर्ण शब्द मिळून जातो. तिनं वहीत लिहून घेतलं.

आजोबा मात्र रजिस्टराजवळून हलेनात. कु आणि कुणबी त्यांच्या डोक्यातून गेलं असावं. त्यांनी विचारलं, “ताई, ह्ये तात्याच का? खरंच?”

मी ओळ शेवटपर्यंत वाचून दाखवली. दाखल १९१९. नाव कमी १९२१. इयत्ता दुसरी. कारण: गुरे राखण्यास.

“म्हंजे दोन वर्सं गेलं शाळंला.”

“दुसरीपर्यंत. वाचता येत असणार त्यांना थोडंफार.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खोलीतली माणसं पांगली, शिपायानं चहा आणला, तो गार झाला. मग म्हणाले, “मारुतीच्या देवळात पेपर यायचा. तात्या तासभर तोंडाम्होरं धरून बसायचं. आमी पोरं हसायचो. आडाण्याला पेपर कशाला, म्हनायचो. मी बी म्हनलोय.” नातीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “सोसायटीत अंगठा करायचं. सई येत नसंल. पन कवा बोललं न्हाईत, मी शाळंला गेलतो म्हनून.”

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. या वेळी मी त्यांचं बोट धरून अक्षरावर ठेवलं, आणि रेघेखालून सावकाश सरकवत नेलं. हे तात्यांचं नाव. हा बाप. हे वय. इथं आल्यावर मी ‘सदर’ म्हटलं आणि ते माझ्यामागून म्हणाले, “सदर.”