पहिल्या राउंडला हरणाऱ्याच्या हातात काय पडतं?

यूएस ओपनने 2025 ला खेळाडूंना सगळे मिळून 9 कोटी डॉलर वाटले, सिंगल्स चॅम्पियनला 50 लाख डॉलर. असले आकडे वाचून लोकांना वाटतं टेनिसमध्ये पैसाच पैसा. पण जरा खाली उतरून बघा. आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, त्यांची पुरुषांची सगळ्यात छोटी स्पर्धा एम15, तिथे 15 हजार डॉलर सगळ्यांत मिळून, म्हणजे पाच मॅच जिंकून चॅम्पियन झालात तर 2160 डॉलर आणि पहिल्याच राउंडला घरी गेलात तर 156, साधारण 13 हजार रुपये. त्यातूनही टॅक्स कापतात. विमानाचं तिकीट, हॉटेल, खाणं, रॅकेटच्या तारा बदलणं सगळं ज्याचं त्याने बघायचं, कोच सोबत नेला तर त्याचाही खर्च आपल्याच डोक्यावर. क्रिकेटसारखं बोर्ड नाही ना मागे.

बालेवाडीला चॅलेंजर, म्हणजे एम15 च्या वरच्या पातळीची स्पर्धा, बघताना एका पोराची स्ट्रिंग तुटली, त्याने आधी बॅग उघडून किती रॅकेट धड उरल्यात ते बघितलं आणि मगच नवी काढली, ते बघून खरंच पोटात तुटलं.

सुमित नागलचंच घ्या. तेव्हा भारताचा नंबर एक, आणि 2023 मध्ये त्याने उघड सांगितलं की खात्यात 900 युरो उरलेत. पुढच्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनची क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेरी, पार करून त्याने 31व्या सीडच्या (मानांकनाच्या) बुब्लिकला हरवलं, दुसऱ्या राउंडला पोचल्याचे 1 लाख 80 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, जवळपास 98 लाख रुपये. वर्षभराचा खर्च एका स्पर्धेत! म्हणूनच सगळे पहिल्या शंभरात घुसायला जीव काढतात, ग्रँड स्लॅमच्या 128 खेळाडूंच्या ड्रॉमध्ये 104 जण थेट रँकिंगवर येतात, आणि पहिल्याच मॅचला हरले तरी त्यांचं वर्ष सावरतं.

पुरुषांची टूर चालवणाऱ्या एटीपीने 2024 पासून बेसलाइन नावाची योजना आणलीय, त्या वर्षी पहिल्या शंभरातल्यांना किमान 3 लाख डॉलरची हमी होती, 176 ते 250 वाल्यांना 75 हजार. चांगलंच केलं. पण 400 नंबरवाला? त्याला काहीच नाही, आणि आपली बहुतेक पोरं तिथेच अडकलेली असतात. यूएस ओपन चॅम्पियनचे 50 लाख डॉलरचे 40 केले तर त्याचं काही बिघडणार नाही, तेवढ्या 10 लाखात एम15 सारख्या 60 पेक्षा जास्त स्पर्धांची प्राइझमनी डबल होते.