हेड न उतरवता व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलता येते का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी घरी इंजिन उघडतो हे कळलं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात: व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलायला सगळं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवावंच लागतं का? आणि त्याला जोडून दुसरा, स्प्रिंग दाबायला हत्यार कुठलं घ्यावं?

हेड उतरवायची गरज बहुतेक वेळा नसते. हत्याराचं मात्र नंतर बघू. व्हॉल्व्हला वर धरून ठेवते ती स्प्रिंगच. ती काढली की व्हॉल्व्ह सुटा होतो आणि सरळ सिलिंडरमध्ये घसरतो. मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून त्याला खालून कोण धरणार, हे आधी ठरवायचं.

एक उपाय हवेचा. स्पार्क प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरची सहा-सात बार हवा सोडायची. दाबाने व्हॉल्व्ह सीटवर घट्ट बसतो. पहिल्यांदा मी हेच केलं, पण पिस्टन नेमका टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकावर, नव्हता. हवा सोडताच पिस्टन खाली ढकलला गेला, क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) फिरला आणि क्रँकच्या बोल्टवर राहिलेला रॅचेट गर्रकन फिरून माझ्या मनगटाच्या बोटभर अंतरावरून गेला. हवा वापरणार असाल तर बोल्टवर पाना ठेवू नका आणि हात लांब ठेवा, एवढं कळकळीने सांगतो.

तेव्हापासून मी दोरच वापरतो. गुळगुळीत नायलॉनचा, सुतं न सुटणारा. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा, आधी ढिले करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करायची, कारण उघड्या व्हॉल्व्हवर दोर दाबला गेला तर व्हॉल्व्ह वाकतो. पिस्टन कॉम्प्रेशनला वर येत असताना टीडीसीच्या थोडा अलीकडे थांबवायचा, दोर प्लगच्या भोकातून आत सोडत राहायचा आणि बाहेरच्या टोकाला गाठ मारायची. मग क्रँक हाताने, सावकाश, अडेपर्यंत फिरवायचा. स्टार्टर अजिबात नाही. आत दोराची उशी तयार होते आणि व्हॉल्व्ह तिच्यावर टेकतो. कॉम्प्रेसर बंद पडला, नळी निसटली, ही धास्तीच उरत नाही.

आता हत्यार. रॉकरच्या स्टडवर बसणारा तरफेचा स्प्रिंग-कॉम्प्रेसर असला की पुशरॉडच्या इंजिनाला, म्हणजे खालच्या कॅमशाफ्टवरून लांब दांड्यांनी रॉकर हलवणाऱ्या इंजिनाला, पुरतो. मोठा सी-क्लँप हेड टेबलावर असेल तेव्हाचा, इथे त्याचा उपयोग नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर हेडमध्ये असलेल्या इंजिनात बऱ्याचदा कॅम काढावा लागतो, तो फिरवणारी चेन सांभाळावी लागते, आणि स्प्रिंग खोल विहिरीत असेल तर साधी तरफ पोचतच नाही. पहिलंच काम असेल तर अशा इंजिनावर शिकू नये असं माझं मत आहे.

तरफ दाबूनही स्प्रिंग हलत नाही, तेव्हा लोक जोर वाढवतात आणि हत्यार वाकवतात. स्प्रिंगच्या डोक्यावरची बशी, म्हणजे रिटेनर, आणि व्हॉल्व्हच्या दांड्याला धरणारे लॉकचे दोन अर्धे निमुळत्या जागेत एकमेकांत रुतून बसलेले असतात. रिटेनरवर सॉकेट टेकवायचा, दांड्याला न लागेल असा, आणि हातोडीचा एक नेमका ठोका द्यायचा. पकड सुटते. ठोकण्याआधी डोळ्यांवर चष्मा आणि तेल परत जाण्याच्या प्रत्येक भोकात फडकं. नखाएवढा तो अर्धा तुकडा एकदा भोकातून खाली तेलाच्या चेंबरमध्ये गेला की शोधायला अख्खा दिवस जातो. मी ते फडकं न कोंबता काम केलं होतं, म्हणून सांगतोय.

एकच स्प्रिंग तुटली तरी मी सगळ्या बदलतो. फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमवर असताना प्रत्येक स्प्रिंग सेकंदाला 50 वेळा दबते, आणि शेजारच्या स्प्रिंगांनीही तेवढंच काम केलेलं असतं. नवीन स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलशी ताडून बघा, गुण्याला लावून ती सरळ उभी राहते का पाहा. वेटोळी एका टोकाला दाट असतील तर ती बाजू सहसा हेडकडे जाते. एवढं उघडलंच आहे तर व्हॉल्व्हची सीलही बदला.

लॉक बसवताना दांड्याच्या खाचेत चिमूटभर ग्रीस लावा, दोन्ही अर्धे चिकटून राहतात. तरफ सैल केल्यावर दांड्याच्या टोकावर नरम हातोडीने हलकेच टकटक करा आणि दोन्ही अर्धे एका पातळीत आहेत का ते टॉर्च लावून पाहा. मग क्रँक थोडा मागे घेऊन दोर बाहेर ओढा, त्याचं टोक अखंड आहे ना तपासा. रॉकर बसवून टॅपेट लावा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर जुळवा, आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडकला नाही, तरच चावी फिरवा.