गुडघ्यातले पांढरे दाणे

गेल्या वर्षी पावसाळ्यात साताऱ्याजवळ स्कूटर घसरली आणि डावा गुडघा दगडावर आपटला. नडगीच्या हाडाचं वरचं टोक, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, ते बाहेरच्या बाजूला चिरलं होतं. शिवाय सांध्याचा एक तुकडा खाली दबला होता, मळलेल्या कणकेत अंगठा दाबावा तसा.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "ताई, दबलेला तुकडा खालून वर उचलायचा. पण तो वर आला की त्याच्याखाली पोकळी राहते. ती भरली नाही तर तुकडा पुन्हा खचेल." भरायला कमरेचं हाड काढून घेता येतं, पण ती दुसरी जखम कधीकधी मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस दुखते. माझी पोकळी लहान होती, म्हणून सिरॅमिकचे दाणे घालायचं ठरलं. बाजूने प्लेट आणि स्क्रू.

सिरॅमिक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी आली. तसलं काही जन्मभर पायात राहणार? "राहणार नाही, विरघळणार," एवढंच उत्तर मिळालं. कसं, ते कोणीच नीट सांगितलं नाही, आणि त्याचा त्रास मला पुढे झाला.

सहा आठवड्यांच्या एक्स-रेत दाणे ठळक होते, खडीसाखरेसारखे. तीन महिन्यांच्या एक्स-रेत त्यांच्या कडा पुसट झालेल्या. रिपोर्ट हातात घेऊन घरी आले आणि रात्रभर झोप नाही. हाडच झिजत चाललंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखाना गाठला. या वेळी भेटलेल्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि वीस मिनिटं दिली. ती वीस मिनिटं आधी मिळाली असती तर!

माझे दाणे ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे. आपल्या हाडाचा कठीण भागही कॅल्शियम आणि फॉस्फेटचाच असतो, म्हणून शरीर त्यांना परकं मानत नाही. दाण्यांना बारीक छिद्रं असतात, मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी. त्यांत आधी रक्त शिरतं, मग बारीक रक्तवाहिन्या वाढतात. हाड खाणाऱ्या पेशी दाण्याला चिकटून आम्ल सोडतात आणि तो विरघळवतात. मागून हाड बांधणाऱ्या पेशी येऊन मोकळ्या जागेत नवं हाड घालतात. जुनं हाड काढून नवं घालण्याचं हे काम शरीर एरवीही करतच असतं. दाणे त्या कामात सामील होतात.

खरी गोम वेगात आहे. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचाच पदार्थ, साधारण दोन-तीन महिन्यांत संपतो. कधीकधी हाड यायच्या आधीच. हायड्रॉक्सीअपेटाइट, हाही पोकळी भरायचाच एक पदार्थ, वर्षानुवर्षं तसाच राहतो. माझे दाणे या दोन्हींच्या मधले, वर्ष-दीड वर्षाचे. "कडा पुसट होणं हीच चांगली खूण," डॉक्टर म्हणाले. "दाण्यांभोवती काळी रेघ दिसली किंवा सांध्याचा तुकडा खाली सरकला, तर काळजी." माझा तुकडा जागेवर होता. तिथेच रडू आलं.

दहा आठवडे पाय का टेकायचा नव्हता, हेही तेव्हाच कळलं. दाणे दाब सोसतात, पण ठिसूळ असतात. तोवरचा भार प्लेटवर. घरचे म्हणायचे, "जखम भरली, आता वॉकर कशाला?" ज्यांच्याकडे असं ऑपरेशन होईल त्यांनी हे ऐकू नये. वरची जखम भरते त्याच्या कितीतरी नंतर आतली भरते.

गेल्या महिन्यात वर्ष झालं. ताज्या एक्स-रेत प्लेटशेजारी चार-पाच पांढरे ठिपके उरलेत, आणि त्यांच्याभोवती हाडाची जाळी, बाकीच्या नडगीसारखीच. जिना चढता येतो. मांडी घालून बसणं मात्र अजून जमत नाही. जेवायला पाय लांब करून भिंतीशी बसते.