उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची छाननी: माझा अनुभव

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी आपला साथीदार निवडतो, तेव्हा बातम्यांत राज्यांची आणि मतांची गणितं रंगतात. छाननी करणाऱ्या वकिलांकडे येतात ते कागद. एका प्रचारमोहिमेत हे काम मी केलं. गोपनीयतेच्या करारामुळे तिथली नावं सांगता येत नाहीत. म्हणून कामाची रीत सांगतो आणि उदाहरणं जाहीर इतिहासातली देतो.

आधी पात्रता बघायची. 12व्या घटनादुरुस्तीनुसार (1804) अध्यक्ष व्हायला अपात्र असलेली व्यक्ती उपाध्यक्षही होऊ शकत नाही. म्हणजे वय किमान 35, देशात 14 वर्षं वास्तव्य आणि नागरिकत्व जन्मापासूनचं. बेळगावकडचे श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून आले, पण नागरिकत्व नंतर घेतलेलं असल्यामुळे ते या यादीत बसत नाहीत. त्याच दुरुस्तीप्रमाणे कोणत्याही राज्याच्या निर्वाचकांना (अध्यक्ष आणि उपाध्यक्षांसाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्या प्रतिनिधींना) दोन्ही मतं आपल्याच राज्यातल्या दोघांना देता येत नाहीत. जॉर्ज बुश यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनी टेक्सासमध्ये राहत होते आणि बुश तर तिथले गव्हर्नरच. म्हणून जुलै 2000 मध्ये चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश यांना निर्वाचकांची 271 मतं मिळाली आणि त्यात टेक्सासची 32 होती. नोंदणी हलवली नसती, तर टेक्सासची मतं चेनींना मिळाली नसती, बहुमत हुकलं असतं आणि त्यांचं पद अडचणीत आलं असतं. उमेदवार सिनेटर असेल तर त्याच्या राज्याचा गव्हर्नर कोणत्या पक्षाचा आहे तेही बघतो, कारण बहुतेक राज्यांत रिकामी जागा तात्पुरती तोच भरतो.

मग पहिली फेरी. ज्यांची छाननी चालली आहे त्यांना याचा पत्ताही नसतो. भाषणं, मतदानाच्या नोंदी, कोर्टातले दावे, मालमत्तेची कागदपत्रं, स्थानिक वाहिन्यांवरच्या जुन्या मुलाखती, सोशल मीडिया असं सगळं वाचून काढायचं. 2024 मध्ये हॅकरांनी ट्रम्प यांच्या मोहिमेतून त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्यावरचा छाननी अहवाल पळवला. तो 271 पानांचा होता, तोही जाहीर माहितीवरच उभा केलेला. अशा चोऱ्या होतात, म्हणून नाजूक मजकूर ईमेलने न पाठवता छापील प्रतीवर वाचायला देणं मला केव्हाही बरं वाटतं.

यादी आखडली की संमती घेऊन प्रश्नावली जाते आणि कागद मागवले जातात. टॅक्स रिटर्न माझ्याकडे असत, आणि खरी मेहनत तिथेच आहे. रिटर्न एकटं वाचून काही कळत नाही. ते लोकप्रतिनिधीने भरलेल्या आर्थिक विवरणपत्राशी ओळीनिशी ताडून बघावं लागतं. भाड्याचं उत्पन्न एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, राहत्या घराची करसवलत दोन राज्यांत घेतली आहे, मुलं सांभाळणाऱ्या बाईंच्या पगारावरचा सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन योजनेचा) कर भरलेलाच नाही, अशा गोष्टी तेव्हा सापडतात. रक्कम लहान असली तरी प्रचारात आठवडा खाऊन टाकते. त्याहून अवघड असतात पती किंवा पत्नीचे व्यवसाय, कारण स्वतंत्र भागीदाऱ्यांचे कागद उमेदवाराच्या हातात नसतात. 1984 मध्ये जेराल्डिन फेरारो यांची उपाध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर झाल्यावर पतीच्या व्यवसायावरून आणि करांवरून प्रश्नांची सरबत्ती झाली, आणि ऑगस्टचा मोठा भाग उत्तरं देण्यात गेला. जोडीदाराचे कागद यायला उशीर होत असेल तर तो उशीर अहवालात ठळक लिहावा, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर वकील उमेदवाराची समोरासमोर मुलाखत घेतात. काही तास चालते. प्रश्न नेमके हवेत. ‘काही अडचण आहे का?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘कधी रुग्णालयात दाखल झाला होतात का, कोणत्या वर्षी, कशासाठी, कोणते उपचार झाले?’ असं विचारावं. 1972 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी पक्षाच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी घाईघाईत थॉमस ईगलटन यांना निवडलं. नैराश्यासाठी रुग्णालयात घेतलेले विजेच्या धक्क्याचे उपचार नंतर उघड झाले आणि 18 दिवसांत ईगलटन यांना माघार घ्यावी लागली. आजारापेक्षा तो आधी ठाऊक नसणं मोहिमेला महागात पडलं, असं मला वाटतं. आधी कळलं असतं तर डॉक्टरांचं पत्र आणि उत्तर तयार ठेवता आलं असतं.

वेळ हवा तेवढा कधीच मिळत नाही. 2024 मध्ये 21 जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि त्यांच्या जागी आलेल्या कमला हॅरिस यांनी 6 ऑगस्टला टिम वॉल्झ यांचं नाव जाहीर केलं. मधे जेमतेम दोन आठवडे. अशा वेळी कर, प्रकृती आणि जोडीदाराचे व्यवहार आधी संपवावेत, जुनी भाषणं दुसऱ्या गटाला समांतर द्यावीत. लष्करी सेवेचे दावे मात्र मागे ठेवू नयेत. वॉल्झ यांना निवडीनंतर लगेच हुद्द्यावरून आणि निवृत्तीच्या वेळेवरून प्रश्न आले. अशा दाव्यांचा प्रत्येक शब्द सेवा नोंदीशी जुळवून घ्यावा.

अहवालात शिफारस नसावी. काय सापडलं, त्याला पुरावा काय, विरोधक ते कसं वापरतील आणि त्यावर उत्तर काय, एवढंच लिहावं. निर्णय एकट्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा असतो. तो झाला की न निवडलेल्यांना फोन जातात, तेही बातमी फुटण्याआधी. त्यांनी आपले घरगुती कागद आमच्यापुढे उघडे केलेले असतात आणि ऑक्टोबरात त्यांनाच सभा घ्यायच्या असतात. त्यांच्या प्रती परत करणं किंवा नष्ट करणं हे काम त्याच आठवड्यात उरकायचं.