लांबच्या विमानप्रवासात बाळाचं दूध, कान आणि डायपर

लांबच्या विमानप्रवासाआधी आई-बाबांना धास्ती असते ती बाळाच्या रडण्याची. पण प्रवासात जे बिघडतं ते बहुतेकदा दुधाच्या हिशोबामुळे. तिकिटावर दहा तास लिहिलेले म्हणून दहा तासांचं दूध भरायचं, आणि घरातून निघणं, विमानतळावरच्या रांगा, मधला थांबा, उतरल्यावर सामानाची वाट बघणं हे सगळं विसरायचं, असं सर्रास होतं. मोजायचं ते घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत.

सहा महिन्यांच्या आतल्या आणि फक्त फॉर्म्युलावर, म्हणजे डब्याच्या दुधावर, असलेल्या बाळाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिली दूध लागतं. ५ किलोच्या बाळाला ७५० मिली. दारापासून दारापर्यंत १६ तास धरले तर ५०० मिली होतात, आणि उशीर, सांडणं, अर्धवट टाकलेल्या बाटल्या यांसाठी वर निम्मं, म्हणजे पुन्हा ७५०. थोडक्यात, लांबच्या प्रवासाला अख्ख्या दिवसाचं दूध सोबत हवं. जास्त झालं तर परत येईल. कमी पडलं तर समुद्रावर ३५ हजार फुटांवर ते कुठेच मिळत नाही. विमानात बाळाचं दूध असतंच असं नाही आणि असलं तरी ते आपल्या बाळाच्या सवयीचं असेल याची खात्री नसते.

हातसामानात एका बाटलीत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव नेता येत नाही हा बऱ्याच विमानतळांवरचा २००६ पासूनचा नियम बाळाच्या दुधाला बहुतेक ठिकाणी लागू नाही. प्रवासाला पुरेल इतकं अंगावरचं काढलेलं दूध, फॉर्म्युला आणि बाळाचं पातळ खाणं नेता येतं. अट इतकीच, की ते बॅगेत दडवून ठेवायचं नाही. तपासणीच्या पट्ट्यावर बॅग ठेवण्याआधीच सांगायचं आणि वेगळ्या पिशवीतून बाहेर काढून द्यायचं. त्यासाठी दहा मिनिटं जास्त धरा, आणि मध्ये विमान बदलणार असाल तर हीच तपासणी पुन्हा होईल हेही धरा. उकळलेल्या पाण्याबाबत मात्र नियम सगळीकडे सारखा नाही. त्या त्या विमानतळाच्या संकेतस्थळावर आधी बघा, नाहीतर थर्मास रिकामा न्या आणि तपासणीनंतरच्या कॅफेतून उकळतं पाणी भरून घ्या.

आता पावडरचं. डबा सीलबंद असला तरी फॉर्म्युलाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवावी. दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी यात तडजोड नकोच. कोमट पाण्यात पावडर टाकली की काम झालं, असं विमानात फार वेळा होताना दिसतं. ते सोयीचं आहे, सुरक्षित नाही.

थर्मासमध्ये पाणी किती वेळ ७० च्या वर राहतं हे निघण्याआधी घरीच बघून ठेवा. आधी थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं, ते फेकून पुन्हा उकळतं पाणी काठोकाठ भरायचं, आणि दर दोन तासांनी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान बघायचं. अर्धा भरलेला थर्मास फार लवकर निवतो. मोजताना बाटलीत आधी पाणी, मग पावडर. उलट केलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. काही कंपन्यांचा चमचा ३० मिलीला एक असतो, काहींचा ६० मिलीला एक, तेव्हा डब्यावरचंच प्रमाण धरा. चमचा सपाट करून एकेका वेळची पावडर छोट्या कोरड्या डब्यांत घरूनच भरून घ्या. अंधाऱ्या केबिनमध्ये, कडेवर रडणारं बाळ घेऊन चमचे मोजताना चूक होतेच.

७० अंशाला कालवलेलं दूध लगेच पाजता येत नाही, ही या पद्धतीची अडचण. क्रूकडून पेलाभर बर्फाचं पाणी मागून बाटली त्यात झाकणाच्या खालपर्यंत बुडवून फिरवत राहावी लागते. म्हणून बाळ भुकेने ओरडायच्या आधीच, ते मूठ चोखायला लागलं की, तयारी सुरू करायची. पाजण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघायचा. तयार केलेलं दूध बाहेर राहिलं तर २ तासांत वापरायचं, आणि बाळाने तोंड लावल्यावर तासाभरात. उरलेलं ओतून टाकायचं, कितीही जिवावर आलं तरी.

या सगळ्या खटाटोपावर उत्तम पर्याय म्हणजे तयार, द्रवरूप फॉर्म्युलाच्या छोट्या सीलबंद बाटल्या. त्या निर्जंतुक असतात, पाणी लागत नाही, गरमही करावं लागत नाही. महाग पडतात आणि जड असतात, पण निदान प्रवासापुरत्या तरी घ्याव्यात असं आमचं ठाम मत. फक्त त्या बाळाला आठवडाभर आधी घरी देऊन बघा. चव वेगळी लागली म्हणून बाळाने तोंड फिरवलं, तर ते विमानात नको. गार दूध पिण्याची सवयही तेव्हाच लावता येते, आणि ती लागली तर अर्धं काम संपलं.

क्रूकडे गरम पाणी मिळतं, पण ते विमानाच्या टाकीतलं असतं. ते बाटलीच्या बाहेर वापरा, आत नको. बाथरूमच्या नळाचं पाणी तर बाटली विसळायलाही वापरू नका. जितक्या वेळा पाजायचं तितक्या बाटल्या घरूनच निर्जंतुक करून, निपल आत घालून, झाकण लावून न्या. गरम पाण्याचा पेला तुमच्या मांडीवर बाळ असताना बाळावरून घेऊ नका; शेजारच्या ट्रेवर ठेवायला सांगा. मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करून देऊ का असं कुणी विचारलं तर नको म्हणा. त्यात दूध सगळीकडे सारखं तापत नाही, बाटली बाहेरून कोमट लागते आणि मधला घोट तोंड भाजतो.

विमान वर गेल्यावर केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका होतो. ८ हजार फुटांना तो समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश असतो, म्हणजे बंद बाटलीतली १०० मिली हवा सुमारे १३३ मिली व्हायला बघते. त्यामुळेच स्ट्रॉचा कप उघडला की दूध कारंज्यासारखं उडतं आणि फळांच्या लगद्याचं पाऊच झाकण फिरवताच शर्टावर येतं. उपाय सोपा: विमान वर पोचलं की बाटली उभी धरून झाकण हळूच सैल करायचं, हवा सोडायची, पुन्हा घट्ट करायचं. पाऊच उघडताना दाबून धरायचं नाही. पोटातल्या हवेचंही हेच होतं, म्हणून एरवी एकदा ढेकर काढत असाल तर विमानात पाजण्याच्या मध्येच एकदा आणि शेवटी एकदा काढा. नाहीतर दूध वर येतं.

अंगावर पाजणाऱ्या आईला बाटल्यांचा हा व्याप नाही, तिला प्रश्न जागेचा. बॅसिनेटसाठी, म्हणजे भिंतीला अडकवायच्या बाळाच्या छोट्या पाळण्यासाठी, पुढच्या भिंतीलगतची जागा सगळे मागतात, पण तिथल्या सीटचे हात वर होत नाहीत, कारण ट्रे त्यांच्याच आत घडी केलेला असतो. बाळाला आडवं घेऊन पाजताना डोकं किंवा पाय त्या हातावर आपटतात. कोपराखाली घडी केलेलं पांघरूण घ्यावं लागतं. शिवाय समोर सीट नसल्याने टेकऑफ आणि लँडिंगला बॅग पायाशी ठेवता येत नाही, ती वर जाते. बाटली, लाळेरं, एक डायपर हे दार बंद होण्याआधीच बाहेर काढून खिशात ठेवलं नाही, तर नेमक्या वेळी हाताशी काहीच नसतं. बॅसिनेट लागणार नसेल, तर खिडकीची जागा पाजायला जास्त बरी: आडोसा मिळतो, आणि येत्या-जात्या ट्रॉलीचा धक्का बाळाच्या पायांना लागत नाही.

पंपाने काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास टिकतं, आणि गोठवलेल्या आइसपॅकसह इन्सुलेटेड बॅगेत २४ तासांपर्यंत. एकदा वितळवलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही. पंप बॅटरीवर चालणारा असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातसामानातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत त्यांना मनाई आहे. सीटजवळचा प्लग चालेलच असं नाही, तेव्हा एक हाताने चालवायचा पंपही सोबत असू द्या.

कानांचं गणित बरेच जण उलटं मांडतात. सगळी तयारी टेकऑफची करतात आणि उतरताना बाटली रिकामी असते. वर जाताना कानाच्या पडद्यामागची हवा फुगते आणि बरीचशी आपोआप बाहेर पडते. उतरताना उलट, बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, आणि हवा आत यायला घसा व कान जोडणारी नळी उघडावी लागते. ती गिळल्याने उघडते. बाळाची नळी अरुंद आणि आडवी असते, म्हणून त्याला त्रास जास्त. विमान धावपट्टीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी उतरायला लागतं आणि दाब तेव्हापासूनच वाढतो. पट्टे बांधण्याची सूचना येईपर्यंत थांबलात तर उशीर होऊ शकतो. क्रूला आधीच सांगून ठेवा: खाली यायला सुरुवात होताना आम्हाला कळवा.

त्याआधीचं पाजणं अडीच-तीन तास आधी संपलेलं हवं, म्हणजे बाळ नेमकं भुकेलं असेल. पोट भरलेल्या बाळाला कुणी पाजू शकत नाही. निपल कमी धारेचं लावा, थोडं थोडं पाजा, बाळाचं डोकं छातीपेक्षा वर ठेवा. दूध नको असेल तर चोखणी चालते. टेकऑफलाही घाई नको. विमान धावपट्टीकडे जायला कधी वीस मिनिटं लावतं आणि तोवर बाटली संपून जाते. इंजिनांचा आवाज वाढून विमान धावायला लागलं की सुरू करा. एवढं करूनही बाळ रडलं तर रडू द्या, रडण्यानेही ती नळी उघडते. बाळाला सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल, तर मात्र निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवून घ्या.

वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाला विमानात कोणताही नवा पदार्थ देऊ नका. ॲलर्जी उठली तर तिथे दवाखाना नाही. वर्षाच्या आत मध नाही, आणि अख्खी द्राक्षं, दाणे, कडक तुकडे तर नाहीतच. हलत्या सीटवर घशात अडकण्याचा धोका वाढतो.

डायपर दर दोन तासांना एक आणि वर चार जादा. विमानात चढण्याच्या अगदी आधी एकदा बदला, कारण चढल्यावर पुढचा तासभर उठता येईलच असं नाही. सगळ्या बाथरूममध्ये बदलायची फळी नसते, कुठे आहे ते क्रूला विचारा. अख्खी बॅग घेऊन आत जायचं नाही. एक डायपर, ओले रुमाल, अंथरायचं दुपटं आणि झिपची पिशवी इतकंच. वापरलेला डायपर पिशवीत बंद करून कचऱ्यात, कमोडमध्ये कधीच नाही. फ्लशचा आवाज दचकवणारा असतो, झाकण लावून मगच बटण दाबा. बाळाचे तीन जोड कपडे सगळेच घेतात. आई-बाबांचा एकेक जादा शर्ट मात्र हमखास राहतो.

बॅसिनेट तिकिटासोबत आपोआप मिळत नाही, फोन करून मागावा लागतो, आणि वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते. पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही उचलून घ्यावं लागतं. मांडीवरच्या बाळाला आपल्या पट्ट्याच्या आत कधीच घेऊ नका. धक्का बसला तर तुमचं वजन बाळाच्या पोटावर येतं. काही विमान कंपन्या बाळासाठी वेगळा जोडपट्टा देतात, अमेरिकी नियमांत टेकऑफ आणि लँडिंगला तो चालत नाही. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे बाळाचं वेगळं तिकीट आणि विमानासाठी मान्यता असलेली कारसीट. डोळे जड झाले की बाळ दुसऱ्याकडे द्या. मांडीवर घेऊन झोपणं धोक्याचं आहे, चेहरा दबतो आणि कळत नाही. चेहऱ्यावर पांघरूणही नको.

झोप यावी म्हणून सर्दीचं औषध देण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. ऐकू नका. काही बाळं त्याने उलट जास्त चेकाळतात, आणि श्वास मंदावण्याचा धोका असतो.

केबिनची हवा फार कोरडी असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यासाठी पाणी द्यायचं नाही, दूधच थोडं जास्त वेळा द्यायचं. पाणी आईने प्यायचं. सहा तासांत एकही ओला डायपर नाही, तोंड कोरडं, टाळू आत गेलेली, बाळ मलूल, असं काही दिसलं तर क्रूला लगेच सांगा. उतरल्यावर काही तासांनीही बाळ कान ओढून रडत असेल, ताप आला किंवा कानातून पाणी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.