मंगळवारचा दोरा

गुदद्वाराजवळच्या एका लहानशा फोडाला मी वर्षभर केसतोड समजत होतो आणि घरचे, मी सांगितले तेवढ्यावरून, त्याला मूळव्याध म्हणत होते. तो फुटायचा, थोडा पू जायचा, पंधरा दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा ठणका लागायचा. एका रुग्णालयात चिरा देऊन पू काढला, पण आतली नळी तशीच राहिली. पुढे एमआरआयमध्ये ती स्पष्ट दिसली आणि या दुखण्याला भगंदर म्हणतात हे कळले.

वैद्यांनी क्षारसूत्र, म्हणजे क्षाराचे लेप दिलेला दोरा नळीत बांधून ती हळूहळू कापत नेण्याचा उपचार, सुचवला. रोगी कृश, दुर्बल किंवा भित्रा असेल, अथवा नाडी, म्हणजे अशी आतली नळी, मर्मस्थानी असेल, तर शस्त्राऐवजी क्षारसूत्राने ती छेदावी असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. त्यातल्या भित्र्यांत माझी गणना सहज झाली असती. गेल्या शतकात ही पद्धत बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा प्रचारात आणली.

20 नंबरच्या लिननच्या दोऱ्याला 21 लेप दिलेले असतात: आधी 11 निवडुंगाच्या चिकाचे, मग 7 चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटी 3 चीक आणि हळदीचे. श्रावणात जिवतीला वाहतो तोच हा आघाडा. काचेच्या नळीतून काढलेला दोरा हळकुंडासारखा पिवळा आणि तारेसारखा ताठ होता.

पहिला दोरा कंबरेखाली भूल देऊन घातला. त्यानंतर दर मंगळवारी जुन्या दोऱ्याला नवा बांधून जुना ओढून घेत, तेव्हा ते अर्धे मिनिट मी टेबलाची कड सोडत नसे. पुढे तास-दोन तास आग होई आणि कोमट पाण्याच्या टबात बसल्यावरच ती शमे. काढलेला दोरा मोजपट्टीवर ठेवून त्याची लांबी रजिस्टरमध्ये लिहीत. ती आठवड्याला साधारण एक सेंटिमीटरने घटत होती. क्षार नळीचा आतला दूषित थर झिजवतो, गाठीचा ताण हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते, त्यामुळे गुदाचा आवळता स्नायू एकदम तुटून फाकत नाही.

हे काम सावकाशीचे आहे, हे मान्य करावेच लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर जखम सुमारे 4 आठवड्यांत, तर क्षारसूत्राने 8 आठवड्यांत भरली. मात्र वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे 11 आणि 4 टक्के होते. एकदा चिरा देऊन फसलेल्या माणसाला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. अर्थात उपचाराआधी क्षयरोग किंवा आतड्याचा आजार नाही याची तपासणी व्हायला हवी. माझी झाली होती.

सातव्या मंगळवारच्या दोन दिवस आधी, सकाळी टबात बसलो असताना दोरा आपोआप गळून पडला. तो टाकू नका असे बजावलेले असल्यामुळे कागदात गुंडाळून नेला. रजिस्टरच्या रकान्यात त्या दिवशी लांबीऐवजी ‘दोरा पडला’ असे लिहिले गेले आणि उरलेली जखम भरायला आणखी बारा दिवस लागले.